अकरा सेकंद जास्त

तांपेरे शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आठवडाभर एकच उद्योग करत होतो. मी खेळलेल्या व्हिडिओ गेमची तीच दहा मिनिटांची क्लिप एकेका एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये घालायची आणि व्हिडिओ कोण लवकर काढून देतं ते घड्याळ लावून बघायचं.

"वेइक्को, तीन वर्षं तू सॉफ्टवेअरच निवडतोयस," माझी बायको हेल्मी म्हणाली. "तुझ्या चॅनेलला बघणारे किती? एकोणीस. त्यात एक तुझी आई."

तिला उत्तर देणं मी केव्हाच सोडलंय.

पहिल्याने चाळीस मिनिटं खाल्ली, दुसऱ्याने पंचवीस. तिसऱ्याने चार मिनिटांत व्हिडिओ हातावर ठेवला, पण तो अकरा सेकंद जास्त भरला. शेवटी एखादा तुकडा चिकटून राहिला असेल म्हणून टाइमलाइन तपासली. काही नव्हतं.

मग ते अकरा सेकंद पाहिले. कोपऱ्यातल्या चौकटीत, जिथे माझा चेहरा असतो, तिथे माझी रिकामी खुर्ची होती. हेल्मी आली, खुर्चीवरची धूळ झटकून बसली आणि कॉफी पिऊ लागली. इतकी निवांत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. केस कानापर्यंत कापलेले.

"हेल्मी," मी हाक मारली, "तू केस कधी कापले होतेस?"

"उद्या कापणार आहे," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुला कोणी सांगितलं?"