टीव्हीतली पोर

सौदीतल्या राबिघच्या कामगार कॅम्पात आलो त्या वर्षी मेसच्या टीव्हीवर एक इंग्रजी मालिका लागायची. भाषा कळायची नाही, पण तिच्यात काम करणारी सात वर्षांची पोर माझ्या किशोरीएवढीच, म्हणून रोज बघायचो. तिचे दात पडले, पुन्हा आले, सगळं माझ्या डोळ्यांदेखत.

आठ वर्षांनी तीच पोर केस कापून, चष्मा लावून भलत्याच मालिकेत दिसली. मी घास हातात धरून ओरडलो, "अरे, ही आपलीच! हनुवटीवरून ओळखली!" मेसमध्ये टाळ्या पडल्या.

त्याच आठवड्यात चिपळूणहून पाकीट आलं. किशोरीच्या दहावीच्या वर्गाचा फोटो. कामाच्या गडबडीत चार वर्षं मी रजेवर गेलो नव्हतो.

"बाळाभाऊ, यातली तुमची कुठली?" खोलीतल्या नागेशने विचारलं.

मी ऐटीत दुसऱ्या रांगेतल्या उंच मुलीवर बोट ठेवलं. नागेशने फोटो उलटून मागचं वाचलं आणि माझ्या हातात दिला.


मागे किशोरीच्या अक्षरात होतं, "बाबा, ओळखता नाही आलं तर, पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी मी."