न घेतलेल्या शिव्या

“ए अंबक्का! नळ काय तुझ्या सासऱ्यानं बसवला होता? काढ ती घागर!”

गोजराबाईचा आवाज कॉटनपेटच्या त्या गल्लीत घुमला. नळावरच्या कानडी, तमिळ बायका हसू दाबून अंबुबाईकडे पाहू लागल्या. लग्न होऊन आल्यापासून या दोघी शेजारणी रोज सकाळी इथं भांडायच्या. त्यांचं मराठी कुणाला कळत नव्हतं, पण ऐकायला सगळ्यांना आवडायचं.

त्या दिवशी मात्र अंबुबाई काहीच बोलली नाही. घागर कमरेवर घेतली आणि घरी गेली.

त्या वर्षी बुद्धाच्या परिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली म्हणून जिकडे तिकडे त्याचंच नाव होतं. मराठी मंडळाच्या वाचनालयातून अंबुबाईनं त्याच्या उपदेशाचं पुस्तक आणलं होतं. नवरा वारलेला, मुलगा नोकरीसाठी जमशेदपूरला. दुपार खायला उठायची. त्या पुस्तकातली एक गोष्ट तिच्या मनात रुतून बसली. एक जण बुद्धाला तोंडाला येईल ते बोलला. बुद्धानं त्याला शांतपणे विचारलं, पाहुण्यानं तू वाढलेलं ताट घेतलं नाही तर ते कुणाचं? तो म्हणाला, माझंच. मग तुझ्या शिव्याही मी घेतल्या नाहीत, बुद्ध म्हणाला.

अंबुबाईनं पुस्तक मिटून कपाळाला लावलं होतं. आपणही यापुढे घ्यायच्या नाहीत.

गोजराबाई आधी चढली. अंबुबाईच्या माहेरावर घसरली, मेलेल्या नवऱ्यालाही तिनं सोडलं नाही. अंबुबाई गप्प. मग गोजराबाईचा आवाज हळूहळू उतरला. पुढे ती मान खाली घालून पाणी भरायची आणि निघून जायची.

आपण जिंकलो, असं अंबुबाईला काही दिवस वाटलं. मग एका संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. वाण्याशी कानडी, दूधवाल्याशी कानडी. कितीतरी दिवसांत कुणी तिच्याशी मराठी बोललंच नव्हतं.

एके दिवशी सकाळी गोजराबाईच्या दारात घोड्याचा जटका उभा राहिला. ट्रंक वर चढली. गोजराबाई अंबुबाईच्या पायरीशी आली.

“येते मी, अक्का. बहिणीकडे, बेळगावला. आता तिथंच.”

अंबुबाई उंबरा ओलांडून बाहेर आली.

“घरात सून कानडी बोलते, नातवंडं इंग्लिश शाळेत. तोंड उघडावं अशी तू एक होतीस. तूही मौन धरलंस. इथं भांडू कुणाशी?”

ती जटक्यात जाऊन बसली.

नको असलेलं ताट घेऊ नये, असं बुद्धानं सांगितलं होतं. आपल्याला ते खरंच नको होतं का, हे अंबुबाईनं स्वतःला विचारलंच नव्हतं.

ती अनवाणी धावली आणि तिनं घोड्याचा लगाम धरला.

“उतर खाली, भवाने! माझा कढीपत्ता बोडका करून कुठं पळतेस?”

गोजराबाई खाली उतरली. मग तिनं डोळे पुसले आणि पदर खोचला.

“होय, मीच केला! काय करशील?”

जटकेवाल्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्यानं दोघींच्या तोंडांकडे पाहिलं आणि कुणी न सांगताच ट्रंक खाली उतरवली.