हयातीचा दाखला

“जाऊबाई, हे काय आलंय बघा न जरा.” इंदूने मोबाइल पुढे केला.

सुनेत्राबाईंनी मेथी सुपात टाकली आणि मोबाइल उजव्या डोळ्याजवळ धरला. डाव्यात मोतीबिंदू पिकला होता. नात शाळेत जायला लागली तेव्हा तिच्याच पाटीवर त्या पंचावन्नाव्या वर्षी वाचायला शिकल्या. इंदू शिकली नाही. बँकेत अजून अंगठाच लावायची.

एकेक अक्षर जुळवत त्यांनी हिंदीतला संदेश वाचला. तीस नोव्हेंबरपर्यंत जीवन प्रमाणपत्र, म्हणजे हयातीचा दाखला, जमा करा, नाहीतर पेन्शन थांबेल.

बळीराम, त्यांचा धाकटा दीर, तोफांच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता. नोव्हेंबर आला की दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जायचा. “वहिनी, जिंदा असल्याची हजेरी लावून येतो,” म्हणायचा. तो जानेवारीत गेला आणि पेन्शन बायकोच्या, म्हणजे इंदूच्या नावावर झाली. तिचा हा पहिलाच नोव्हेंबर.

“काय लिहिलंय?”

“काही नाही,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “लोन घ्या म्हणतात.”

“मेले! दिवसभर तेच करून राहिले.” मोबाइल पदराला पुसत इंदू गल्ली ओलांडून आपल्या खोलीत गेली.

सुनेत्राबाईंनी मेथी पुन्हा हातात घेतली, पण निवडलेली आणि न निवडलेली एकत्र झाली होती. एक-दोन महिन्यांचा तर प्रश्न. मग जाईल, अंगठा लावेल, मागचं सगळं मिळेल. तोवर तिलाही कळू दे, हात पसरणं काय असतं.

त्यांच्या नवऱ्याने रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत खाजगी कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली. निघताना मालकाने भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते गेले, घड्याळही बंद पडलं. आता मुलगा आलोक होता, तोही कारखान्यात मशीनवर. दर महिन्याच्या दोन तारखेला तो आईच्या हातात पाकीट द्यायचा. पोरगा गुणाचा होता. पण घेताना हात खालीच असतो.

इंदूला कोणापुढे हात करावा लागत नव्हता. वर आलोकच तिला महिन्याच्या महिन्याला मोटारसायकलवर बसवून बँकेत न्यायचा.

“पेट्रोल माझ्या पोराचं आणि पेन्शन तिची,” त्या एकदा सुनेला म्हणाल्या. प्रणोती पोळी लाटत होती. तिने वर पाहिलं नाही.

इंदूजवळ पैसा होता, पण नीयत नव्हती, असं सुनेत्राबाईंचं मत. चपलेचा अंगठा दोनदा शिवलेला. पेन्शनच्या दिवशी खोव्याची जलेबी आणायची, तीही पाव किलो. बाकी पेटीत साठवून राहिली असेल. कोणासाठी? मूल ना बाळ.

तीस नोव्हेंबर आला आणि इंदूची पेन्शनही आली. सुनेत्राबाईंना जलेबी गोड लागली नाही.

“तारीख पुढे गेली वाटतं,” त्या पुटपुटल्या.

“कशाची?”

“अगं, अमावास्येची.”

दोन तारखेला आलोकने पाकीट दिलं. वरच्या नोटेला हळदीचं बोट लागलेलं होतं. होळीपासून दर महिन्याला असायचं. प्रणोतीला एवढी तरी रीत आली, याचं सुनेत्राबाईंना समाधान वाटलं. होळीपासून आणखी एक गोष्ट बरी झाली होती. आलोकच्या शर्टाला तेलाचे डाग पडत नव्हते. त्यांनी इंदूला मुद्दाम सांगितलंही होतं.

“साहेबाने ऑफिसात बसवलेलं दिसतंय त्याला. बोलत नाही कधी. बापासारखा आहे.”

“गुणाचा आहे,” इंदू म्हणाली होती.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी थंडी कडक होती. सुनेत्राबाई सकाळपासून ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. अकरा वाजता मोटारसायकल गेली, बाराला परत आली. इंदूच्या हातात पिशवी नव्हती.

“काय गं, जलेबी नाही आज?”

“पेन्शन नाही आली, जाऊबाई.” इंदू ओट्याच्या काठावर टेकली. “आज गर्दी लई. दोन दिवसांनी या म्हणतात.”

“अरे देवा!” सुनेत्राबाईंनी आवाज मऊ केला. “काही कागद राहिला असेल. सरकारी काम आहे. चलो, काही लागलं तर मागून घे हो माझ्याजवळ. लाजू नको.”

हे वाक्य त्यांनी महिनाभर मनात घोळवलं होतं. म्हणताना छाती भरून आली.

इंदू त्यांच्या डाव्या डोळ्याकडे पाहत होती. “तुमचं ऑपरेशन संक्रांतीनंतर ठरलं न?”

“हो. प्रायव्हेटमध्ये. चांगली लेन्स टाकणार आहेत. माझा आलोक करून राहिला सगळं.” आणि थांबून त्या म्हणाल्या, “सरकार देते ते बरंच आहे, इंदू. पण पोटचा पोरगा तो पोटचा पोरगा.”

“खरं आहे,” इंदू म्हणाली. उठताना तिने गुडघ्यावर हात दाबला. “होईल तुमचं ऑपरेशन. मी पाहते काय ते.”

तू काय पाहशील, असं सुनेत्राबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण आज त्यांनी ते गिळलं. आजच्यापुरतं तेवढं औदार्य त्यांना परवडत होतं.

दोन तारखेला आलोक संध्याकाळी आला. डबा प्रणोतीच्या हातात दिला आणि आईजवळ बसला. खिशात हात घातला नाही.

“आई, डोळ्याचं थोडं पुढे ढकलू. आणि या महिन्याचं पाकीटही...”

“काहून रे? पगार नाही झाला?”

आलोक गल्लीपलीकडच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत राहिला.

“पगार होळीपासूनच नाही, आई,” तो म्हणाला. “काकूची पेन्शन नाही आली.”