पाठीवरची छत्री

“इथं थांबवा,” काकू म्हणाल्या.

भिंगवाल्यानं चित्र थांबवलं. पडद्यावर नायक नायिकेची समजूत काढत होता, पण या खोलीत त्या दोघांना कुणी विचारत नव्हतं. काकूंचं बोट मागच्या विजेच्या खांबाकडं होतं.

“पोस्टर आहे, पण आपलं नाही. साबणाची जाहिरात,” भिंगवाला म्हणाला.

“बरं. पुढं घ्या.”

जुन्या चित्रपटांवरचे ओरखडे पुसणं हे भिंगवाल्याचं काम. ते करता करता त्याला एक खोड लागली होती. जग नटनट्यांकडं बघायचं, हा मागच्या भिंतींकडं. कुठं पंक बँडचं फाटकं पोस्टर, कुठं कोळशानं खरडलेलं नाव, कुठं घोळक्यात कानाला सेफ्टी पिन अडकवलेलं एखादं कार्टं. सापडलं की इंटरनेटवरच्या आपल्या यादीत टाकायचा. ती यादी वाचणारेही तसलेच रिकामटेकडे. त्यात काकूंची भाची होती. तिनंच काकूंना कळवलं, की एका सिनेमातल्या भिंतीवर ‘कुत्र्याची छत्री’ लिहिलेलं दिसलंय.

‘कुत्र्याची छत्री’ हा काकूंच्या धाकट्याचा बँड. चार पोरं, तीन सूर आणि शेजाऱ्यांच्या शिव्या. धाकटा ड्रम बडवायचा. चाळीस वर्षांपूर्वी, जूनच्या दहा तारखेला तो घर सोडून गेला. आपणच त्याला बसमध्ये बसवून दिलं, असं थोरल्या भावानं घरी येऊन सांगितलं होतं. अंगात नेहमीचं काळं जॅकेट, पाठीवर त्यानं स्वतः पांढऱ्या रंगानं काढलेली वाकडी छत्री. तसलं दुसरं जॅकेट अख्ख्या शहरात नव्हतं. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. वडिलांनी तर हायच खाल्ली. काकूंना एवढंच कळायला हवं होतं, की पोरगं पुढं जगलं का.

त्या काळचे सिनेमे एकेक करून बघायला दर मंगळवारी सकाळी थोरला त्यांना हाताला धरून तीन जिने चढवायचा, गोळ्यांची डबी सांभाळायचा आणि मागच्या खुर्चीत गप्प बसायचा. धाकटा जन्मल्यापासून आईही त्याला दादाच म्हणायची. असा मुलगा मिळायला नशीब लागतं, असं भिंगवाला बायकोला म्हणालाही होता.

“आई, किती दिवस चालायचं हे?” थोरल्यानं विचारलं.

“डोळे आहेत तोवर.”

बाजाराचं दृश्य सुरू झालं. गर्दीसाठी रस्त्यावरचीच माणसं उभी केली होती. टोपल्या, सायकली, भांडणारी गिऱ्हाइकं. आणि डाव्या कोपऱ्यात एक पाठमोरा तरुण. काळं जॅकेट. पांढरी, वाकडी छत्री.

काकूंनी तोंडावर हात ठेवला.

भिंगवाल्यानं चित्रीकरणाची जुनी वही उघडली. बोट ओळींवरून खाली सरकलं. “बाजार. त्याच वर्षी, बावीस जून.”

“बावीस?” काकूंचा आवाज फुटला. “म्हणजे बारा दिवसांनी इथंच होता! परत आला होता माझा वेडा!” त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. भिंगवाल्यालाही भरून आलं. त्या यादीचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला होता.

थोरला उठून उभा राहिला. “दिसला ना, आई? जिवंत होता. झालं तर मग. चल आता.” त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “बंद करा हो.”

“अहो, थांबा जरा,” भिंगवाला म्हणाला. “पुढं दहाबारा चौकटी आहेत. तो वळतोय. चेहरा दिसेल.”

“नको. तिला झेपायचं नाही.”

“चाळीस वर्षं झेपलंच की,” काकू म्हणाल्या. “घ्या पुढं.”

भिंगवाला एकेक चौकट सरकवू लागला. खांदा वळला. कान दिसला. मग गाल. शेवटच्या चौकटीत तरुणानं थेट कॅमेऱ्याकडं पाहिलं.

भिंगवाल्यानं धाकट्याला कधीच पाहिलं नव्हतं. तरी चेहरा ओळखीचा निघाला. केस तेवढे काळे होते.

काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. खांद्यावरचा हात त्यांनी बाजूला केला, पण मागं वळल्या नाहीत.

“दादा,” त्या म्हणाल्या, “कुठं पुरलंस रे त्याला?”