यहूदाची माय

प्रयोगानंतर बिलोलीच्या चर्चच्या आवारात खुली चर्चा चालू होती. नाटक माझे, त्यातला यहूदाही मीच. पाळकसाहेबांनी विचारले, “येशूला धरून देणाऱ्यासाठी मंडळीनं का रडावं?” उत्तर पटले नाही, तर यहूदाच्या गळफासाचा प्रवेश लातूरच्या पुढच्या प्रयोगातून गळणार होता. तेवढ्यात माझी आई उठली. “साहेब, त्याला माय न्हवती का?” “शास्त्रात तिचा उल्लेख नाही, सुवार्ताबाई.” “म्हून काय तो आभाळातून पडला?” सगळे हसले, पाळकसाहेबही. मला हसू आले नाही. ती माय मलाही सुचली नव्हती. “माय, ती तिथं असती तर काय केलं असतं तिनं?” मी विचारले. ती रंगमंचावर चढली. देखाव्याच्या झाडाला अजून लोंबणारा कासरा तिने उतरवला, फासाची गाठ दातांनी सोडवली, आणि कासरा हातावर गुंडाळत घराकडे चालू लागली.