पूर्ण एक मिनिट

ऑपरेशनला चार तास होऊन गेले होते. शालनच्या छातीवरची चकती श्वास मोजत होती आणि पडद्यावर मिनिटाला पंधरा दिसत होते. वामनरावांनी बायकोचं मनगट धरून स्वतः मोजले, तर सातच भरले.

"सिस्टर, जरा बघता का?"

नर्स केतकीने पडदा पाहिला. "पंधरा आहेत की, काका! एखादा श्वास निसटला, तर चकती आधीच्यांवरून अंदाज लावते. चुकत नाही ती."

"तुम्ही मोजा ना."

"हाताने मोजायला आम्हाला शिकवतच नाहीत आता."

शालन पस्तीस वर्षं नर्स होती. श्वास मोजताना ती नाडी बघायचं सोंग करायची. कळलं तर माणूस वेगळाच श्वास घेतो, म्हणायची. वामनरावांनी तेच सांगितलं. "मनगट धरा, नजर छातीवर, पूर्ण एक मिनिट. अर्ध्याची दुप्पट करायची नाही."

केतकीने मोजले. सहा. तिचा चेहरा उतरला आणि ती डॉक्टरांना आणायला धावली.

डॉक्टर आले ते थेट पडद्यापाशी. "पंधरा आहेत. यांना कशाला घाबरवता?"

"सर, मी मोजलेत. सहाच आहेत."

"कशाने मोजलेत?"

"हाताने."

"हाताने?" डॉक्टर तिच्याकडे वळले. इकडे वामनरावांनी पुन्हा मनगट धरलं होतं. छाती हलेना. शालनचा नियम मोडून ते अर्ध्या मिनिटातच ओरडले, "अहो, थांबला श्वास!"

डॉक्टर दचकून वळले, ते पुन्हा पडद्याकडेच.