सड्यावरची लोकसंख्या

खाडीकाठच्या तीन वाड्यांना आशाताई एकच, मथुरा. गरोदर बाया, तान्ही पोरं, साखरवाले म्हातारे, सगळे तिच्याच गळ्यात. 'आणखी एक बाई द्या' असा अर्ज ती चार वर्षं करत होती. त्यात सरकारी अ‍ॅप आलं; प्रत्येक घरभेट त्याच दिवशी फोनवर भरायची. वाड्यांत रेंजचं नाव नाही. म्हणून मथुरा दिवसभर घरं फिरायची आणि संध्याकाळी वरच्या ओसाड सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रेंजसाठी चढून सगळ्या भेटी एकदम पाठवायची. फोन बिचारा प्रामाणिक. जिथून पाठवलं, तेच ठिकाण लावून द्यायचा.

वर्षअखेरीस आरोग्य मनुष्यबळ बळकट करण्याचा आराखडा निघाला. साहेबांनी नकाशा बघितला, तर सगळे रुग्ण सड्यावर! अर्ज तातडीने मंजूर झाला आणि अक्षया नावाची नवी आशाताई खास सड्यासाठी नेमली गेली.

पहिल्या दिवशी मथुरा तिला वर घेऊन गेली. चहूकडे बघून अक्षया रडकुंडीला आली. "काकी, हय एकव घर नाय गो! मी भेटू कोणाक?"

मथुराने आपला फोन तिच्या हातात ठेवला.

"कोणाक नको. रोज सांजेक ह्यो घेवन चढ. घरां माजी, सडो तुजो."